तुटलेली बोटे, उतरलेल्या तारा : ब्लॅक सॅबथचे मूल्यमापन

एखादा जुना बँड दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा रंगमंचावर उभा राहिला की वर्तमानपत्रे 'पुनरागमन' असा शब्द छापून मोकळी होतात. हा शब्द फार सोयीचा आहे. कोण परत आले, कोणाला येऊ दिले नाही, येताना त्यांनी नवे काय आणले, आणि आलेल्या पैशाची वाटणी कशी झाली, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दाखाली बुजून जातात. समीक्षेचे काम हे बुजलेले प्रश्न उकरून काढण्याचे आहे.

१९६८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात चार तरुणांनी सुरू केलेला आणि पुढे ब्लॅक सॅबथ या नावाने जगभर गेलेला बँड या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. या बँडचे एकोणीस स्टुडिओ अल्बम आहेत. त्यात अनेक गायक आले आणि गेले. त्याचे निदान तीन वेळा 'पुनरागमन' झाले. ५ जुलै २०२५ रोजी त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलै २०२५ रोजी त्याचा पहिला गायक ऑझी ऑस्बर्न वयाच्या ७६व्या वर्षी वारला. हिशेब पूर्ण झाला आहे. आता तो मांडायला हरकत नाही.

आपल्या नियतकालिकात या कर्णकर्कश, परदेशी संगीताची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, आपल्या वाङ्मयीन चर्चेत एक वाद वर्षानुवर्षे घोळत राहिला आहे : अनुभवाची दाहकता महत्त्वाची, की रूपाची घडण? एका बाजूला अनुभव मांडला की काम झाले असे मानणारे आहेत. दुसऱ्या बाजूला रूपाच्या नावाखाली अनुभवाला दाराबाहेर ठेवणारे आहेत. ब्लॅक सॅबथचे उत्तम अल्बम ऐकताना हा वादच चुकीच्या जागी मांडला गेला आहे असे वाटू लागते.

१

हे चौघे ॲस्टन या कामगारवस्तीतले. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमवर जर्मन बाँब पडले होते. त्या पडक्या जागांत ही मुले खेळली. ऑझीचे वडील कारखान्यात अवजारे घडवीत. लहानशा घरात सहा भावंडे. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. मग नळकामाची उमेदवारी, मोटारींचे भोंगे तपासण्याचे काम, कत्तलखान्यातली नोकरी असे करत तो घरफोडीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि काही आठवडे आत राहिला. गीझर बटलर हा आयरिश कॅथलिक घरातला. तो एका कचेरीत हिशेबाचे काम शिकत होता. बिल वॉर्ड ड्रमवर, टोनी आयोमी गिटारवर. आयोमीचे आडनाव इटालियन वंशाचे. त्याच्या घरचे वस्तीतच दुकान होते.

या पार्श्वभूमीचे आज फार कौतुक होते. कारखान्यातल्या घणांचा ठोका या संगीतात उतरला, असे बँडची माणसे आणि चाहते दोघेही सांगत आले आहेत. त्यात तथ्य आहे. पण ते अर्धे तथ्य आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत हजारो मुले खपत होती. त्या सर्वांच्या कानांवर तोच ठोका पडत होता. सगळ्यांनी काही नवे संगीत निर्माण केले नाही. दुःख आपोआप कला होत नाही. तसे होते असे म्हणणारा माणूस दुःख भोगणाऱ्याच्या कष्टाचा अपमान करतो. कारण दुःख भोगणे हे एक काम आहे आणि त्याला आकार देणे हे दुसरे काम आहे. दुसऱ्या कामाची मजुरी पहिल्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

२

आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करी. संगीतासाठी त्याने नोकरी सोडायचे ठरवले होते आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी त्याला त्याच्या नेहमीच्या यंत्रावर न बसवता दुसऱ्याच यंत्रावर बसवले गेले. यंत्र खाली आले आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या पडद्यांवर तार दाबणारा हात हाच. वैद्यांनी सांगितले की, वादन विसर.

कारखान्यातल्या फोरमनने त्याला एक तबकडी आणून ऐकवली. ती जँगो राइनहार्टची होती. राइनहार्ट हा युरोपात शतकानुशतके हिणवल्या गेलेल्या, गाड्यांतून भटकणाऱ्या रोमा समाजातला गिटारवादक. १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागली, हात भाजला, दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांवर त्याने जॅझमध्ये गिटारची नवी शैली उभी केली. एका भटक्याने एका कामगार पोराला दिलेला हा वारसा कोणत्याही संगीतविद्यालयातून गेलेला नाही. तो एका जखमी हाताकडून दुसऱ्या जखमी हाताकडे गेला.

आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोपणांचा आकार घडवला, त्यावर चामडे चिकटवले. जाड तारा बोटांना सोसत नव्हत्या, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला लावून पाहिल्या. काही स्वरगुच्छ पूर्वीसारखे धरता येत नव्हते, म्हणून कमी बोटांत मावणारे पण भरदार आवाजाचे स्वरगुच्छ शोधले. पुढे 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' (१९७१) या तिसऱ्या अल्बमातल्या काही गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. तार सैल झाली, दाबायला सोपी झाली. आणि आवाज एकदम खोल, जड, जमिनीतून आल्यासारखा झाला. ज्याला नंतर 'हेवी मेटल' म्हटले गेले, त्यातला जडपणा बराचसा येथून आला आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट कोणती? जखमेची हकिगत गाऊन त्यांनी सहानुभूती मागितली नाही. घाव आशयात आला नाही, तो रचनेत उतरला. तारांच्या जाडीत, पट्टीच्या खोलीत, स्वरांच्या संथ, ओढत जाणाऱ्या चालीत तो राहिला. ज्याला बोटांची कथा ठाऊक नाही त्यालाही तो ऐकू येतो. अनुभव की रूप, असा प्रश्न येथे विचारताच येत नाही. अनुभवानेच रूप बदलले आहे.

आणखी एक तपशील. १९६८च्या अखेरीस आयोमी थोडे दिवस जेथ्रो टल या बँडमध्ये गेला होता. तेथे सकाळी वेळेवर तालीम सुरू होते हे त्याने पाहिले. परत आल्यावर त्याने आपल्या तिघांना सकाळी नऊ वाजता तालमीला बोलावले. प्रतिभा म्हणजे रात्री अचानक येणारा झटका, अशी अभिजनांची समजूत असते. या मुलांनी कारखान्याची पाळी सोडली आणि स्वतःची पाळी लावून घेतली. फरक एवढाच की ही पाळी मालकाची नव्हती.

३

आवश्यक अल्बम कोणते? माझ्या मते पहिले सहा, आणि त्यातही पहिले तीन.

पहिला 'ब्लॅक सॅबथ', १३ फेब्रुवारी १९७०. त्याचे ध्वनिमुद्रण एका दिवसात, सुमारे बारा तासांत उरकले. अधिक वेळ घ्यायला पैसा नव्हता. पाऊस, मेघगर्जना आणि घंटेचा नाद, आणि मग तीनच स्वर. आपल्या परिभाषेत सांगायचे तर मध्य षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले हे अंतर जुन्या युरोपीय संगीतशास्त्राने 'संगीतातला सैतान' म्हणून हिणवले होते. शास्त्राने बाहेर ठेवलेला स्वर या पोरांनी उंबरठ्यावर आणून बसवला. बँडचे नाव त्यांनी बोरिस कार्लोफच्या १९६३च्या एका भयपटावरून घेतले होते. लोक पैसे देऊन भिण्यासाठी चित्रपटाला जातात, मग भिववणारे संगीत का असू नये, असा त्यांचा साधा तर्क. त्यांच्यावर सैतानपूजेचा आळ आला. प्रत्यक्षात या गाण्यांतला निवेदक सैतानाला भितो, त्याच्यापासून पळतो. आळ घेणाऱ्यांनी शब्द ऐकलेच नव्हते.

दुसरा 'पॅरानॉइड', सप्टेंबर १९७०. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. गंमत अशी की, ज्या गाण्याने त्यांना घरोघर नेले ते अल्बममध्ये जागा कमी पडली म्हणून घाईत रचलेले होते. पण या अल्बमचे खरे केंद्र 'वॉर पिग्ज' हे गाणे आहे. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. युद्ध पुकारणारे राजकारणी आणि सेनापती सुरक्षित राहतात, मरायला मात्र गरिबांची पोरे पाठवली जातात, हे बटलरने येथे आडपडदा न ठेवता लिहिले. त्याच अल्बममधले 'हँड ऑफ डूम' युद्धावरून हेरॉइनचे व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांविषयी आहे. फुलांची, प्रेमाची भाषा त्या काळच्या रॉकमध्ये मुबलक होती. ॲस्टनमध्ये फुले नव्हती. म्हणून त्यांची भाषा वेगळी झाली.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. 'वॉर पिग्ज'च्या शेवटी न्याय कोण करतो? ईश्वर करतो. युद्धखोर गुडघ्यांवर येतात ते अंतिम निवाड्याच्या दिवशी. बटलरच्या कॅथलिक संस्काराचा हा परिणाम असावा. अन्यायाचे निदान अचूक, पण उपाय आभाळातला. ज्यांना मारले त्यांनी स्वतः उठून हिशेब मागावा, ही जाणीव या गाण्यात येत नाही. पुढच्या अल्बममधले 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' तरुणांना उभे राहायला सांगते. तेवढे पाऊल पुढे पडते.

चौथा 'व्हॉल्यूम ४' (१९७२) अमेरिकेत, पैसा आणि कोकेन यांच्या गराड्यात तयार झाला. त्याचा परिणाम गाण्यांच्या विषयांतही दिसतो. पण त्यात 'चेंजेस' नावाचे पियानोवरचे साधे, विरहाचे गाणे आहे. ते पुढे २०१६ साली चार्ल्स ब्रॅडली या काळ्या अमेरिकन गायकाने आपल्या अल्बममध्ये गायिले आणि अल्बमलाही तेच नाव दिले. ब्लॅक सॅबथची सुरुवात ब्लूज वाजवणारा बँड म्हणून झाली होती. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचे संगीत. सबंध हार्ड रॉक या संगीताच्या कर्जात आहे, आणि हे कर्ज फार थोड्या गोऱ्या बँडनी उघडपणे मान्य केले. ब्रॅडलीच्या आवाजात ते गाणे ऐकले की आपले सामान आपल्या घरी परत आल्यासारखे वाटते.

'सॅबथ ब्लडी सॅबथ' (१९७३) मध्ये रचना अधिक गुंतागुंतीची झाली. 'सॅबोटाज' (१९७५) व्यवस्थापकाशी कोर्टकज्जे चालू असताना मुद्रित झाला. शेवटच्या 'द रिट' या गाण्यात तो संताप थेट येतो. लाखो तबकड्या विकल्या गेल्या आणि ज्यांच्या बोटांतून त्या निघाल्या त्यांनाच आपल्या पैशाचा पत्ता नव्हता. कारखाना बदलला, मालक बदलला. व्यवहार तोच राहिला.

नंतरचे दोन, 'टेक्निकल एक्स्टसी' (१९७६) आणि 'नेव्हर से डाय' (१९७८), थकलेल्या माणसांचे अल्बम आहेत. १९७९ साली ऑझीला काढून टाकण्यात आले.

४

पहिले पुनरागमन १९८०चे. रॉनी जेम्स डिओ हा अमेरिकन गायक आला आणि 'हेवन अँड हेल' हा अल्बम निघाला. ऑझीचा आवाज गिटारच्या सुरावरून गिटारबरोबरच चाले. डिओचा आवाज त्यापासून सुटून वर जाई. त्यामुळे आयोमीला रचना बदलावी लागली. स्वरांचा जडपणा राहिला, पण गती आली. ब्रिटनमध्ये हा अल्बम पहिल्या दहांत गेला. मी याला खरे पुनरागमन मानतो, कारण तो जुन्या यशाची नक्कल करत नाही. त्याच वर्षी वॉर्ड दौरा अर्ध्यावर सोडून गेला.

त्यानंतरचा काळ फुटीचा आहे. इयन गिलन, ग्लेन ह्यूज, मग टोनी मार्टिन. मध्ये १९९२ साली 'डीह्यूमनायझर'साठी पुन्हा डिओ. टोनी मार्टिन हा बर्मिंगहॅमचाच गायक. त्याने 'हेडलेस क्रॉस' (१९८९) सह पाच अल्बम गायिले. बँडचे नाव जवळजवळ बुडाले असताना त्याने ते तरते ठेवले. पण २००६ साली अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडचा सन्मान केला तेव्हा फक्त मूळ चौघांची नावे घेतली. मार्टिन नाही, डिओही नाही. मार्टिनच्या काळातले बरेच अल्बम वर्षानुवर्षे बाजारात मिळत नव्हते. २०२४ साली ते संचरूपाने पुन्हा निघाले. पडत्या काळात ज्यांनी खांदा दिला त्यांना विजयाच्या मिरवणुकीत जागा नसते, ही रीत काही एकट्या रॉक संगीताची नाही.

दुसरे पुनरागमन दोन टप्प्यांचे. डिसेंबर १९९७ मध्ये मूळ चौघे बर्मिंगहॅममध्ये एकत्र वाजले. त्यानंतर २०११ साली नवा अल्बम जाहीर झाला. जानेवारी २०१२ मध्ये आयोमीला लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचे कळले. उपचार घेत तो काम करत राहिला. पण फेब्रुवारीत बिल वॉर्डने जाहीर केले की, त्याच्यापुढे ठेवलेला करार सही करण्यासारखा नाही. नंतर ऑझीने वॉर्डच्या प्रकृतीचे कारण सांगितले. खरे काय ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण निकाल स्पष्ट आहे. चौघांपैकी तिघेच आले आणि ड्रमवर दुसऱ्याला बसवले गेले.

अल्बमचे नाव '१३' (२०१३). निर्माता रिक रुबिन याची भूमिका अशी की, त्यांनी आपला पहिला अल्बम पुन्हा ऐकावा आणि त्याच्या पुढचा जणू आज करावा. म्हणून पहिल्या गाण्याची चाल १९७०च्या पहिल्या गाण्याची आठवण करून देते आणि अल्बम संपतो तोही त्याच पावसाने, गर्जनेने आणि घंटेने. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर गेला. ब्रिटनमध्ये 'पॅरानॉइड'नंतर सुमारे त्रेचाळीस वर्षांनी. कारागिरी उत्तम आहे. आयोमीचा हात कोठेही ढिला पडत नाही. तरी काहीतरी उणे आहे. वॉर्डचा ठोका जॅझ ऐकून तयार झालेला, किंचित मागे-पुढे हलणारा, श्वास घेणारा होता. '१३' मधला ठोका चोख आहे आणि म्हणूनच परका आहे. १९७० साली गरजेतून जन्मलेले रूप २०१३ साली नमुना म्हणून समोर ठेवले गेले. गरज संपली आणि रूप तेवढे उरले की त्याचे अलंकारात रूपांतर होते. बाजाराने याला सर्वांत मोठे पुनरागमन म्हटले. मी त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

५

प्रस्थापित अभिरुचीचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९७० साली अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' या प्रतिष्ठित नियतकालिकाने पहिल्या अल्बमची टर उडवली होती. त्याच नियतकालिकाने २०१७ साली सर्वश्रेष्ठ शंभर मेटल अल्बमची यादी केली आणि 'पॅरानॉइड'ला पहिला क्रमांक दिला. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत तबकडीवरची एक रेघही बदललेली नव्हती. मग बदलले काय? ऐकणारे बदलले. ज्या पोरांनी हे संगीत आपले मानले, गिटार हाती घेतली, तारा उतरवल्या, त्यांनी समीक्षकांना नमवले. हॉल ऑफ फेमने वर्षानुवर्षे डावलले तेव्हा १९९९ साली ऑझीने आपले नाव यादीतून काढायला सांगितले होते. २००६ साली त्याच संस्थेने हार घातला. आधी अव्हेर, मग हार. हार घालताना अव्हेराची कबुली मात्र कोणी देत नाही. म्हणून अशा सन्मानाने हुरळून जाण्याचे कारण नाही. मान्यता ही अभिजनांनी दिलेली भेट नसते. ती उशिरा चुकती झालेली थकबाकी असते, आणि तीही व्याजाविना.

तिसरे पुनरागमन ५ जुलै २०२५चे. जागा व्हिला पार्क हे ॲस्टनमधले फुटबॉलचे मैदान, ऑझीच्या बालपणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांच्या मोटारी राखून तो पोरवयात चार पैसे मिळवी, ते हेच मैदान. पार्किन्सनच्या आजारामुळे त्याला उभे राहता येत नव्हते. तो आसनावर बसून गायला. आणि बिल वॉर्ड ड्रमवर होता. २००५ नंतर प्रथमच चौघे एकत्र आले. फक्त चार गाणी झाली. पहिले 'वॉर पिग्ज'. उत्पन्न पार्किन्सनच्या संशोधनासाठी, मुलांच्या रुग्णालयासाठी आणि दुर्धर आजारी मुलांच्या शुश्रूषागृहासाठी जाहीर झाले होते.

सांगीतिकदृष्ट्या ते काही निर्दोष वादन नव्हते. वृद्ध, आजारी माणसे होती ती. आवाज डळमळत होता. पण '१३'च्या चोखपणात जे हरवले होते ते येथे सापडले. पुन्हा एकदा शरीराची मर्यादा लपवली गेली नव्हती. तीच रूप झाली होती. पहिल्या दिवशी तुटलेली बोटे, शेवटच्या दिवशी थरथरता देह. जे लपवावे असे जगाने सांगितले ते पुढे ठेवून त्यांनी सुरुवात केली आणि तसाच शेवट केला. आणि ज्याच्या करारावर सही होऊ शकली नव्हती तो चौथा माणूस आपल्या जागेवर बसला होता.

पुनरागमनाचे निकष म्हणून मी तीन प्रश्न सुचवतो. परत येताना कलावंताने नवे काही आणले काय? ज्यांच्या श्रमावर नाव उभे राहिले ते सगळे परत आले काय? आणि ज्या वस्तीतून तो निघाला त्या वस्तीला त्यातून काही मिळाले काय? १९८०चा अल्बम पहिल्या प्रश्नाला उतरतो. २०२५ची ती चार गाणी दुसऱ्याला आणि तिसऱ्याला उतरतात. २०१३चा विक्रम यांपैकी एकालाही नीट उतरत नाही. विक्रीचे आकडे यांतला एकही प्रश्न विचारत नाहीत. म्हणून ते आपल्याला विचारावे लागतात, आणि केवळ संगीताच्या बाबतीत नव्हे.